मायाधीशाचं हस्ताक्षर

कुवेंपुनगरातल्या त्या हॉलबाहेर चपलांचा खच पडला होता, आणि आत दीडशे माणसं श्वास रोखून एका पिवळट कापडाकडे बघत होती. स्वामींनी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. बघता बघता कोऱ्या कापडावर काळी कानडी अक्षरं उमटली: वेंकटेश.

"अय्यो देवरे," सगळा हॉल पुटपुटला. वेंकटेश बँकेतला अधिकारी, सही जुळल्याशिवाय सख्ख्या भावाचाही चेक पास न करणारा. त्याने तिथेच लोटांगण घातलं.

त्याची आई पुष्पावती मागे खुर्चीवर बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

देवाचं नाव मायाधीश, जगातल्या सगळ्या जादूचा मालक. त्याचं मंडळ गुप्त. ओठांवर बोट ठेवून एकमेकांना नमस्कार करायचा, आणि आतलं बाहेर बोललं तर नाव पुसलं जाणार. स्वामींचं नाव मौनानंद, आणि हे मौनानंद दोन-दोन तास अखंड बोलत. "शब्द व्यर्थ आहेत, भक्तांनो," इथून गाडी सुटायची ती थांबायचं नाव घेत नसे. "देव ज्याचं नाव लिहितो, त्याचा भार देवावर. मग औषध कशाला? औषध म्हणजे मायाधीशावर अविश्वास."

शेवटी तीर्थ वाटलं. पुष्पावतीने घोट घेतला आणि तिचं तोंड आक्रसलं. तुरट. ही चव ती विसरणं शक्य नव्हतं. माहेरी रंगाऱ्याचा कारखाना, लहानपणी कोपरापर्यंत हात बुडायचे ते याच हिरड्याच्या पाण्यात. हिरड्याला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, भेटलं की काळा रंग. तिच्या वडिलांनी जन्मभर साड्यांचे काठ याच काळ्याने छापले, आणि त्यांचा नातू आज त्याच रंगापुढे आडवा पडला होता. तिला हसू आलं, मग राग आला.

घरी आल्यावर कळलं की पुढच्या गुरुवारी सुनेचं नाव उमटणार. वेदवतीला बारा वर्षं मधुमेह, रोज दोनदा इन्सुलिन. नाव आलं की ते बंद करायचं होतं.

"अगं, नाव कापडावर येईल, साखर रक्तातच राहील," पुष्पावती म्हणाली. "ते तीर्थ हिरड्याचं आहे."

"आई, सुम्ने बसा, गप्प. तुम्हाला सगळीकडे रंगच दिसतात. टोचून टोचून पोटाची चाळण झालीय माझी." वेदवतीचे डोळे भरले. पोर खरंच कंटाळली होती. सांगून पटणार नाही, दाखवावंच लागेल, हे पुष्पावतीला कळलं.

गुरुवारी वेदवतीने इन्सुलिनची डबी देवाच्या पायांशी ठेवली. स्वामी तांब्या उचलणार, तोच पुष्पावती काठी टेकत पुढे आली. हातात तसंच पिवळट कापड.

"स्वामी, आधी माझ्यावर कृपा करा. ह्यावर थोडं तीर्थ शिंपडा, अष्टेच, एवढंच."

म्हातारीच्या कोऱ्या कापडावर काय उमटणार? स्वामी हसले. "श्रद्धा नसेल तर कोरंच राहील हं, अम्मा," म्हणत त्यांनी सढळ हाताने तीर्थ शिंपडलं.

अक्षरं उमटली, चांगली ठसठशीत: वेदवती, इन्सुलिन घे.

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. स्वामींचा चेहरा पडला. "ही लबाडी आहे. कुणीतरी आधीच लिहून आणलंय."

"आणलंय की. मीच लिहिलं," पुष्पावती म्हणाली. "हिराकस पाण्यात विरघळवायचं, काडीने लिहायचं, वाळवायचं. पिवळट कापडावर डाग कळत नाही. तुमच्या तीर्थात हिरडा आहे, तो लागला की काळं होतं. आता तुम्हीच सांगा, माझी लबाडी आणि तुमचा चमत्कार, ह्यांत फरक काय?"

मौनानंदांनी त्या दिवशी प्रथमच नावाला जागून मौन पाळलं. भक्त मात्र बोलू लागले, सगळे एकदम. वेंकटेश उठून जपून ठेवलेलं आपल्या नावाचं कापड आणि आईचं कापड शेजारी-शेजारी धरून बघत होता. अक्षरांचा काळा रंग तंतोतंत जुळत होता.

पुष्पावती लोकांकडे वळली. "नमस्कार करायचा तर करा. पण आधी विचारा, हे कसं केलं? खऱ्या देवाला ह्या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्याला येतो, त्याच्या पायांशी आपलं औषध ठेवू नका."

वेदवती बराच वेळ कापडावरचं आपलं नाव बघत राहिली. मग ती उठली, देवाच्या पायांशी ठेवलेली डबी उचलून पदराने पुसली आणि म्हणाली, "चला आई, जेवायची वेळ झाली. त्याआधी घ्यावं लागतं."