कवळी रोह्याला मिळेल

फुकट म्हटलं की आमच्या म्हाताऱ्याला धीर कुठला! एक्क्याण्णव साली पेणला साठीवरच्या माणसांसाठी दातांचं सरकारी शिबिर लागलं. दोन दाढा दुखत होत्या म्हणून गेला, आणि आठवडाभर खेपा घालून अख्खं तोंड रिकामं करून आला. डॉक्टर म्हणाला म्हणे, "सगळेच हलतायत बाबा, काढून टाकू. कवळी रोह्याला मिळेल." जन्म मिठागरात गेलेला माणूस, शिकलेल्यासमोर नाय कसा म्हणेल?

हिरड्या भरल्यावर आम्ही दोघं रोह्याला गेलो. खिडकीतला बाबू म्हणाला, "दात काढायची योजना आहे, बसवायची नाही."

"मग काढलेले तरी परत लावा, मेल्यांनो!" मी ओरडले. रांगेतली माणसं हसली. मला मात्र तिथंच रडू फुटलं.

मिठागरात दिवसभर फावडं ओढायचं तर पोटात भाकरी लागते. पेजेवर म्हातारा नुसता सुकत चालला. दुपारी बांधावरच बसायचा, उठवत नसे त्याला.

आमचा प्रवीण पेणला गणपतीच्या कारखान्यात साचे काढतो. बापाचे हाल त्याला बघवेनात. "आये, एवढे गणपती घडवतो, बापाचे दात नाय घडवणार?" म्हणाला, आणि प्लास्टर कालवून बापाच्या तोंडात भरलं. मापाला म्हणून. प्लास्टर सुकताना तापतं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण मूर्ती कधी ओरडत नाय. म्हातारासुद्धा ओरडला नाय, पोराचा हिरमोड होईल म्हणून डोळे मिटून बसला. प्लास्टर ओढून काढलं तर आतलं कातडं सोलून आलं. प्रवीण भिंतीवर डोकं आपटायला लागला.

तेव्हापासून भाकरी मी चावते आणि म्हाताऱ्याला भरवते. नातवंडं तोंडं वाकडी करतात. करू देत! म्हातारा लाजेनं माझ्याकडं न बघता गिळतो. पण गिळतो, आणि परत कामाला जातो.

परवा शिबिरवाले गावातच आले. नवा डॉक्टर, कोवळा पोरगा. ओटीवर बसून माझ्या तोंडात बॅटरी मारली.

"आजी, तुमचेही हलतायत की! उद्या या, काढून टाकू. एक पैसा लागणार नाही."

"हात लावून बघ, बोट तोडीन," मी म्हटलं. "दोन माणसं जेवतात ह्या दातांवर."