हाडाच्या औषधाचा वारस

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात जंगल आलं. खोक्यांतून आलं. दोन कॉम्प्युटर, डोक्यावर चढवायचा एक जाडजूड टोप आणि तारांचा गुंता. टोप घातला की डोळ्यांसमोर झाडं उभी राहायची आणि झाडाला हात लावला की त्याचं औषध ऐकू यायचं. मी वर्ध्याच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, म्हणून औषधं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. असली कामं आमच्याकडे नेमकी मे महिन्यातच निघतात.

कंपन्या आपल्या झाडापाल्याची विद्या पळवतात, अशी तेव्हा पेपरांत ओरड असायची. म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवणाऱ्या योगेंद्रनं प्रत्येक औषधाला पासवर्डचं कुलूप लावून ठेवलं. सांगणाऱ्याच्या मर्जीशिवाय ते कुणालाच ऐकू येणार नव्हतं. योगेंद्रला या कुलपांचं इतकं कौतुक की चहा पितानाही त्याला दुसरं काही सुचत नसे.

केळझरच्या पलीकडे डोंगराला लागून एक गोंडांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. तिथली शकुबाई मोडलेल्या हाडावर पाला बांधायची. लोक लांबून यायचे, पुलगावच्या मिलमधले कामगारसुद्धा. तिच्या घरची रीत होती, औषध एकदाच सांगायचं, एकालाच सांगायचं. सांगितलं की ते आपलं उरत नाही. दोघांकडे राहिलं तर त्याचा गुण जातो.

तिची सून रुपा तेव्हा नवऱ्याबरोबर दूर वीटभट्टीवर गेलेली, परत येण्याचा भरवसा नव्हता. छातीच्या दुखण्यानं शकुबाई खंगत चालली होती. आपल्याबरोबर विद्याही जळून जाईल याचा तिला घोर लागला होता. मी यंत्राबद्दल सांगितलं तेव्हा तिनं खूप विचार केला. मग वर्ध्याला आली, आम्हाला खोलीबाहेर काढलं आणि एकटीनं यंत्रापाशी बसून बोलली. आम्ही एक शब्द ऐकला नाही. मला या प्रामाणिकपणाचा फार अभिमान वाटला.

पुढच्या पावसाळ्यात रुपा कायमची घरी आली आणि मी सहज टोल्यावर गेले, तर अंगणात एक माणूस हात गळ्यात बांधून विनवण्या करत होता. शकुबाई मान हलवत होती. तो तसाच परत गेला.

"शकुबाई, का परत पाठवलं त्याला?" मी विचारलं.

"माह्यापाशी काय हाय आता? मी तं देऊन बसली."

"मग रुपाला तरी सांगा."

"दिलेलं कसं देऊ, बाई?"

मी तिला परोपरीनं समजावलं. ते यंत्र आहे, माणूस नाही, ते काही कुणाचा हात बांधणार नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग त्याच्यापाशी बोलाले काऊन लावलं मले?"

रुपा मला वाटेपर्यंत सोडायला आली. "बुढीचं आता काई खरं नाई," ती म्हणाली. "हे गेलं तं टोल्याचं काईच नाई राह्यलं. घेनारा आधी मेला तं औषध घरी वापस येते. पन मशीन कुठं मरते, बाई?"

एसटीत बसून मी तेवढाच विचार करत होते. योगेंद्रला सांगितलं तर तो हसला. "मॅडम, सांगून टाका मेलं म्हणून. म्हातारीला काय कळतंय?" मला असा संताप आला! जगातल्या सगळ्या चोरांपासून औषधं जपायला निघालेल्या माणसाला खोटं बोलण्यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी फर्मान काढलं, या जंगलाचं प्रदर्शन भरणार, पाहुणे येणार, सगळी कुलपं काढा, बंद कुलपं काय दाखवायची लोकांना? शकुबाईचं औषध आता वाटेल त्याच्या कानात बोलणार होतं, आणि घरच्या रीतीनं सुनेला मात्र ते कधीच मिळणार नव्हतं.

मी कंटाळले होते. प्रकल्पाला, अहवालांना, दोन्हीकडच्या शहाणपणाला. दुपारी योगेंद्र चहाला गेला तेव्हा मी कॉम्प्युटरपाशी बसले आणि शकुबाईचं औषध शोधलं. नक्की पुसायचं का, असं त्यानं विचारलं. हो म्हटलं. परत येणार नाही, असं त्यानं बजावलं. तेही चालेल म्हटलं. मग मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरची त्याची प्रतही पुसली. मनात काहीच हललं नाही. पाठ तेवढी दुखत होती. प्राचार्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, काय केलं आणि कुणी केलं ते लिहून, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टोल्यावर पोचले. शकुबाई दाराशी बाजेवर पडली होती.

"शकुबाई, ते गेलं," मी म्हणाले.

ती हाताच्या आधारानं उठून बसली. "कधी?"

"काल दुपारी."

"बिमार होतं?"

"नाही."

"जवळ कोन होतं?"

"मी होती," मी म्हणाले. वर्गात मी कधी असं बोलत नाही.

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. तिला कळलं. नक्कीच कळलं, कारण ते कसं गेलं हे तिनं विचारलं नाही, फक्त एवढंच म्हणाली, "कोनी रडलं का त्याच्यासाठी?"

"नाही."

तेव्हा शकुबाईनं पदर तोंडावर घेतला आणि मोठ्यानं रडायला लागली, पोटच्यासाठी रडतात तशी. तिनं ज्याच्यावर विश्वास टाकला होता ते तिच्या लेखी खरोखर गेलं होतं. मी मात्र आतापर्यंत खोटं बोलावं लागलं नाही एवढ्यावरच खूश होते.

रडणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. "रुपा, बाईच्या आंगावर पानी टाक. तिच्या हातावर गेलं ते. तशी घरात नको घेऊ तिले. मंग तू माह्यापाशी येऊन बस."

रुपानं साडीसकट माझ्या डोक्यावर बादली ओतली आणि आत गेली. दार लागलं. आत शकुबाई हळू आवाजात बोलायला लागली. शब्द कानावर पडू नये म्हणून मी कुंपणाबाहेर गेले आणि तिथं ओलीचिंब उभी राहून त्या यंत्रासाठी रडले.