इथे कोणी राहत नाही

लेकीला आठवा महिना लागला होता. रक्तदाब चढलेला, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि जावई जहाजावर नोकरीला. परक्या देशात पोरीला घोटभर पाणी द्यायलाही कोणी नव्हतं आणि मी इकडे पासपोर्टची वाट बघत बसलेली. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मलाही ठाऊक आहे. पण बाळंतपण थांबत नाही.

मग मंत्र्यांनी जाहीर केलं की रखडलेल्या अर्जांसाठी सुट्टीच्या दिवशीही खिडकी उघडी राहील. मी शाळेचे गणवेश शिवते. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभी राहिले. खिडकीतल्या साहेबांनी संगणकात बघून सांगितलं की पोलिसांचा अहवाल उलटा आलाय, अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. मी म्हटलं, लग्न होऊन आले ती त्याच घरात आहे, मग तिथे रोज दिवा काय भुतं लावतात? साहेब हसले नाहीत, पण फेरचौकशीचा आदेश मात्र त्यांनी तिथल्या तिथे काढला.

घरी येऊन विचारपूस केली, तर हा प्रताप तळमजल्यावरच्या काकूंचा. मागे वसुलीवाल्यांनी आमच्या इमारतीतल्या एका भाडेकरूला सळो की पळो करून सोडलं होतं. तेव्हापासून कोणी हातात कागद घेऊन नाव विचारत आला की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, असं कोणी इथे राहत नाही. काकूंनी हवालदारालाही तेच ठणकावलं होतं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या रडायला लागल्या तेव्हा मलाच वाईट वाटलं, कारण बाईनं खोटं सांगितलं ते माझ्याच भल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकी गाठली. हवालदार म्हणाला, आदेश मिळाला, पण सगळी माणसं बंदोबस्तावर आहेत, पुढे बघू.

"तुमच्या कागदावर मी घरी राहत नाही ना?" मी म्हणाले. "मग मी इथे राहते."

आणि बाकावर बसून शर्टांना बटणं लावायला घेतली. रोज सकाळी पिशवी घेऊन जायची, दिवे लागले की उठायची. हवालदारानं आधी दुर्लक्ष केलं, मग चहा विचारला, मग वैतागला. एका दुपारी त्याच्या साहेबांनी विचारलं की ही बाई कोण आणि चौकीत गणवेश कशाला शिवतेय. त्यावर त्यानं मुकाट्यानं टोपी घातली आणि म्हणाला, चला.

काकू दारातच उभ्या होत्या. त्याच्या हातातला कागद बघून त्यांनी चौकट घट्ट धरली.

"ही बाई इथे राहते का?" त्यानं विचारलं.

काकूंची मान आधी नकारार्थीच हलली. इतक्या वर्षांची सवय ती. माझा जीव टांगणीला लागला.

"राहते," शेवटी काकू म्हणाल्या. "माझ्या डोक्यावरच राहते, दिवसरात्र मशीन चालवते. पण आता तिला इथे राहू देऊ नका, साहेब. लेक एकटी आहे तिकडे. लवकर लिहा."

हवालदार जिन्याच्या पायरीवर बसला आणि लिहू लागला.