पहिल्या घराच्या दारात

इथे आइसलंडात जन्मलेली पोरं शेकोटीपाशी बसली की मोठमोठ्या बाता मारतात. म्हणे आपले वाडवडील नवी जमीन शोधायला निघाले, शूर होते. म्हणे तिकडे, समुद्रापलीकडच्या जुन्या मुलखात, जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार झाली होती. जमीन थोडी होतीच, राजाही हावरट होता, नाही कोण म्हणतंय? पण तेवढ्यासाठी कुणी तापलेली चूल सोडून उघड्या समुद्रात शिरत नाही. माणसं निघाली ती हात रक्ताने माखल्यावर. आम्ही कसे निघालो ते मी सांगते, कारण माझा भाऊ व्हेमुंड ते दर मेजवानीत सांगतो आणि दर वेळी अर्धंच सांगतो.

नव्या राजाचा हुकूम निघाला की खाडीतली सगळी जमीन आता त्याची, आणि जो तो आपल्याच शेतात त्याचं कूळ. माझा नवरा स्कोफ्ती वारा पाहून पाठ फिरवणारा. तो लगेच राजाचा माणूस झाला आणि शेतं ताब्यात घेत घेत एक दिवस माझ्या माहेरी पोचला.

जमिनीवर हक्क सांगायचा, तर पूर्वजांना पुरलेल्या टेकाडावर उभं राहून बाप, आजा, पणजा अशी नावं घेत थेट आत झोपलेल्या पहिल्या पुरुषापर्यंत जायचं, ही आमची रीत. माझा बाप काठी टेकत वर चढला आणि नावं घेऊ लागला. स्कोफ्तीने त्याला पणज्यापर्यंत जाऊ दिलं. मग मानेवर कुऱ्हाड उगारली. पहिला घाव खांद्यात रुतला, म्हातारा गुडघ्यावर आला तरी पुढचं नाव घेतच होता. दुसऱ्या घावाने ते नाव तोंडातच राहिलं.

त्या दिवशी स्कोफ्ती घरी येऊन जेवायला बसला. मी पुढ्यात काहीच ठेवलं नाही.

"माझ्या बापाला मारून आलास, आणि भाकरी माझ्याच हातची हवी?"

"म्हातारा हट्टी होता. तू तरी शहाणी हो," तो म्हणाला, आणि स्वतःच उठून मासा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किनाऱ्यावरच्या, होडी ठेवायच्या छपरात होडीला डांबर लावायला गेला. मी भाकरी भाजत होते. माझी मुलगी आलोफ आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या दाढीच्या वेण्या घालत होती. माझे सासरे हालकेल. तरुणपणी पश्चिमेच्या बेटांवर लुटालूट करून आलेला माणूस. आता पाय गेले होते, जीभ शाबूत होती.

दारात व्हेमुंड येऊन उभा राहिला. कोपरापर्यंत हात लाल, आणि लाल हातांना डांबर चिकटलेलं. तो मोठ्या आवाजात म्हणाला, "मी व्हेमुंड. आज सकाळी होडीच्या छपरात मी स्कोफ्तीला कुऱ्हाडीने मारलं. हे मी जाहीर करतो. जे ऐकतायत ते साक्षी."

आमच्याकडे मारण्यापेक्षा लपवणं मोठं पाप. मारणाऱ्याने वाटेत लागेल त्या पहिल्या घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगितलं तर ते दोन घरांचं वैर, बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. नाही सांगितलं तर तो खुनी, म्हणजे लांडगा, आणि लांडग्याच्या मागे सगळी खाडी धावते. फक्त पहिलं घर मेलेल्याच्याच माणसांचं असेल, तर ते सोडून पुढच्या घरी जायची मुभा होती.

"मेल्या, पुढे आउदुनचं घर आहे ना!" मी ओरडले. "तिथे सांगायचंस! इथे तुझ्या बाजूने कोण बोलणार?"

"मेलेल्याच्या घराला वळसा घालून जायला मी काय चोर आहे, ताई?" असं म्हणून तो ऐटीत जहाजाकडे गेला. बापाचं जहाज किनाऱ्याला भरून तयार होतं. भरतीपर्यंत थांबायचं, की तो सुटला. ही ऐट तो अजून मिरवतो.

थोड्याच वेळात दीर आला, ब्रुसी. त्याने भावाला छपरात पाहिलं होतं. मागे आउदुन आणि खाडीतले सगळे बाप्ये भाले घेऊन.

आउदुनने अंगणातूनच विचारलं, "हालकेलबाबा, इथे कुणी जाहीर करून गेलं का?"

"कुणी नाही आलं," सासरे म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"मग खूनच. चला रे, जहाज सुटायच्या आत गाठू."

तीसचाळीस भाले. व्हेमुंडकडे जेमतेम जहाज वल्हवण्यापुरती माणसं. मी पीठ लागलेल्या हातांनी दारात आले.

"थांबा," मी म्हणाले.

"सूनबाई," सासरे मागून हळूच म्हणाले, "नीट विचार कर. तुझ्या तोंडून एक शब्द निघाला, तर या घरात तुला जागा नाही. पोर आमच्या रक्ताची, ती इथेच राहील."

आउदुन माझ्याकडे बघत होता. "वहिनी, आलं होतं का कुणी?"

माझ्या बापाचं धड अजून टेकाडावर उघडं पडलं होतं. त्याच्या मागे उरलेला पुरुष एकटा व्हेमुंड, तोही मूर्ख. मी म्हणाले, "आला होता. माझा भाऊ व्हेमुंड याच दारात उभा राहिला आणि म्हणाला, मी स्कोफ्तीला मारलं. मी ऐकलं. मी साक्षी आहे."

आउदुनने भाला खाली केला. "मग हे तुमचं घरचं," असं म्हणून तो वळला, आणि एकेक करून सगळे पांगले. ब्रुसीने भाल्याचा दांडा माझ्या तोंडावर मारला. दोन दात जिभेवर आले. "तुला परत येऊन बघतो, वहिनी," तो म्हणाला आणि आपले दोन गडी घेऊन किनाऱ्याकडे धावला.

तो परत आला नाही. दगडगोट्यांवर त्याने व्हेमुंडच्या एका सोबत्याच्या पोटातून भाला आरपार घातला, आणि भाला उपसेपर्यंत व्हेमुंडने त्याचा पाय गुडघ्यापासून तोडला. मग डोकं. त्याचे गडी पाण्यात शिरले, त्यांना वल्ह्यांनी ठेचलं. मी उंबऱ्यावर बसून रक्त थुंकत होते, मला सगळं दिसत होतं.

व्हेमुंड धापा टाकत वर आला. "ताई, ऊठ. भरती आली. पोरीला घे."

मी आत वळले. म्हटलं, म्हातारा पोरीला धरून बसला असेल, तर हात तोडून घेईन. कोनाड्यातला मासे कापायचा सुरा मी उचलला होता.

सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "मी धरलेलं नाही. जा गं बाळ, आईकडे जा."

"आलोफ, ये," मी हात पुढे केला. "मामाच्या जहाजात बसायचं."

ती आजोबांच्या दाढीत तोंड खुपसून बसली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या व्हेमुंडकडे बघितलं.

"तूच म्हणालीस ना," ती म्हणाली, "मामाने बाबांना मारलं?"

खरं तेच बोलले होते, सगळ्या खाडीसमोर. मी एक पाऊल पुढे टाकलं, तशी ती किंचाळली. व्हेमुंड म्हणाला, "बाजूला हो, मी उचलतो," आणि ते रक्ताळलेले हात त्याने पुढे केले. पोरीने आजोबांच्या मांडीवरच मुतलं. मी सुरा त्याच्या छातीवर टेकवला आणि म्हणाले, "हात लावलास तर इथेच मरशील."

आम्ही दोघंच खाली उतरलो. तेव्हा वाटलं, ओढून नेली तर ती जन्मभर माझ्याकडे तशाच डोळ्यांनी बघेल. आज विचाराल तर म्हणेन, बघेना का. समोर बसून बघत राहिली असती.