बदली हजेरी

गीताबाईंनी बीपीच्या मशीनचा पट्टा मेघाच्या दंडाला गुंडाळला आणि लेकीला दटावलं, "हसू नको. हसलं की आकडा वाढतो."

मेघाने हसू दाबलं. पट्टा फुगला आणि सुस्कारा टाकून बसला. आकडा मोबाइलवरून शहरातल्या दवाखान्यात गेला, तिच्या वहिनीच्या, रूपाच्या नावावर. लागली हजेरी. बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत कुणालाच यात लबाडी वाटली नाही. घरधनी कचरूने वाळूजच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली होती. दोस्ताला उशीर झाला तर त्याचं कार्ड आपण पंच करायचं, हा तिथला शेजारधर्म. दवाखान्याला रोज आकडा हवा ना, मग द्यावा. दंड कुणाचा ते बघायला कोण येतंय?

आणि आज तर गरजच होती. रूपाचं डोहाळजेवण. गल्लीत मांडव पडलेला, पंगत बसायला आलेली, पिशोरहून कचरूची थोरली बहीण जीप भरून माणसं घेऊन आलेली. रूपाच्या रक्तदाबाला मात्र वेळ-काळ बघायची सवय नव्हती. आकडा वाढला की सिस्टरचा फोन, फोन आला की दवाखाना. मग फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवायचं कुणाला, कचरूला?

रूपा हिरवी साडी नेसून बाहेर आली, तेव्हा पट्टा अजून मेघाच्या दंडावरच होता. तिने एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

"काढ तो."

"एक दिसाचं तर हाये," गीताबाई म्हणाल्या. "उद्यापासून तुझाच हात लावू."

"मागच्या टायमालाबी एकच दिस थांबलो होतो, आई."

गीताबाईंच्या हातात गजऱ्यांची पुडी होती. ती त्या उगाच उघडून पुन्हा बांधू लागल्या. मागच्या बाळाबद्दल या घरात कुणी बोलत नसे. त्याचं नाव ठेवायची वेळच आली नव्हती.

रूपाने पट्टा स्वतः बांधला. डोकं सकाळपासून ठणकत होतं. तसं तिने सांगितलंही होतं. जागरणाचं असेल, असं घराने एकमताने ठरवून टाकलं होतं. मशीन पुन्हा सुस्कारलं. आणि पदर नीट करेपर्यंत फोन वाजला. रूपाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"रूपाताई, दोन आकडे आलेत. आधी एकशे दहा, आता एकशे बासष्ट. असं कसं?"

"पहिला माझ्या नणंदेचा, सिस्टर. दुसरा माझा."

"कधीपासून चाललंय हे?"

"आजच सुरू झालं. आन् आजच संपलं."

"डोकं दुखतंय?"

"सकाळपासून."

"मग आत्ता निघा. मी इथं सांगून ठेवते. कुणाची वाट बघू नका."

सासरा कचरू दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, तरी आवाज समजुतीचाच ठेवला.

"पोरी, पानं वाढलीत. ओटी भरू दे, दोन घास खा, मग जाऊ. घंट्याभरात काय व्हतंय? पिशोरची मानसं आलीत. लोकं काय म्हनतील?"

"त्यास्नीच इचारते की, मामा."

"काय?"

"मेघा, फाइल घे. शेजारच्या शिवमला म्हन, रिक्षा काढ. आन् तुझ्या दादाला फोन कर. ड्यूटी सोडून सरळ दवाखान्यात ये म्हनावं."

ती मांडवात गेली. पंगत नुकती सुरू झाली होती. मधोमध, पहिल्या मानाच्या पानावर, पिशोरच्या आत्या बसल्या होत्या.

"आत्या, माझं प्रेशर लई वाढलंय. दवाखान्यातून आत्ताच्या आत्ता बोलावलंय. मामा म्हनतेत, पिशोरच्या मानसांसाठी घंटाभर थांब. थांबू का?"

वाढप्याच्या डावातली बुंदी डावातच राहिली. कचरू मांडवाचा बांबू घट्ट आहे का ते तपासू लागला.

आत्या घाईने बोलणाऱ्या बाई नव्हेत. भावकीतली भांडणं मिटवायला त्यांना बोलावत, ते त्या दोन्ही बाजू चावून चावून ऐकत म्हणून. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. पाण्याचा घोट घेतला. पदराने तोंड पुसलं. मग भावाकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने बांबू सोडून दिला.

"मी जेवाया आले, कचरू. माझ्या नावावर लेकरू कशापायी अडवतो?"

मग रूपाला द्यायचा निकाल नीट जुळवून त्यांनी मान वर केली.

"जाय बाई तू. कुनी काय म्हनलं तर मी..."

रूपा उभी होती तिथे आता नुसता मांडवाचा खांब होता. गल्लीच्या तोंडाशी शिवमची रिक्षा केव्हाच वळली होती.