चौतीस नंबरचा शेरा

एकतीस वर्षं सांगलीच्या शाळेत गणित शिकवलं आणि दर वर्षी साठ-साठ प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. निवृत्त झाले तरी हाताची खाज गेली नाही. आता मी अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या ड्रायव्हरांवर शेरे लिहिते, तेही फ्रँकफर्टमध्ये बसून. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

हा नाद जावयानं लावला. लेक विभावरी विमानतळावर नोकरीला, शनिवार-रविवार तिची ड्यूटी ठरलेली. मी उन्हाळ्याचे तीन महिने येते, तेव्हा सुटीच्या दिवशी घरात सासू आणि जावई, दोघंच. नागेशराव मुळात अबोल. मी बोलकी, पण जावयाशी बोलून बोलून काय बोलणार? पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांना चहा विचारूनच दमलो. मग एकदा ते टीव्हीवर गोल गोल पळणाऱ्या गाड्या बघत होते, तिथे मी जाऊन बसले आणि म्हटलं, "नुसतं डावीकडेच वळायचं, यात कसलं आलंय कौशल्य?" त्यांनी तासभर समजावून सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना तोवर ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून आमचा नेम आहे. तिकडची शर्यत आम्ही दुसऱ्या दिवशी बघतो आणि तोवर निकाल कळू द्यायचा नाही, म्हणून फोन पालथे घालून ठेवतो. सव्वीस शर्यती झाल्या की सोळा ड्रायव्हर प्लेऑफला, म्हणजे पुढच्या फेरीला जातात. शर्यत जिंकली की जागा जवळपास पक्की. उरलेल्यांनी गुणांवर आत शिरायचं. आपली सहामाहीच म्हणा ना. पंचवीस शर्यती झाल्या की मी वही उघडते. नागेशराव आकडे काढून देतात, शेरे माझे.

यंदाचे शेरे असे. वेस हार्लन, चार विजय, दहापैकी आठ: 'हुशार आहे, पण शेजाऱ्याला धक्के मारतो. पालकांनी येऊन भेटावे.' ब्रॅनन, पाच: 'चाचणीत पहिला, परीक्षेत गारद.' आणि चौतीस नंबरची गाडी चालवणारा टकर मीड, एकही विजय नाही, दर आठवड्याला बारावा नाहीतर चौदावा, गुणांवर कसाबसा सोळावा. त्याला मी चार दिले: 'गाडी सुखरूप घरी आणतो. चमक नाही.'

मीड हा नागेशरावांचा लाडका. त्यांनी शेरा वाचला, "बरं," म्हणाले आणि कप विसळायला आत गेले. मलाच जरा चुटपुट लागली. कारण सहा वर्षांपूर्वी विभावरीनं नागेशरावांना पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हाही मी तिला एकटीला बाजूला घेऊन हेच म्हटलं होतं. बरा आहे, चमक नाही.

शेवटची शर्यत शनिवारी होती आणि सोमवारी नागेशरावांची परीक्षा होती. आधीची कंपनी बंद पडल्यावर फार वाट पाहून ही नोकरी मिळालेली. इथे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट असते: पसंत पडलात तर राहा, नाहीतर दोन आठवड्यांत चालू लागा. त्यांचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला आणि विभावरीचा त्यांच्या व्हिसाला. नोकरी गेली तर दोघांनी इथे मांडलेला संसार गुंडाळायची वेळ येईल, हे विभावरी मला भाजी चिरताना तीनदा सांगून चुकली होती.

शनिवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म घेऊन बसले होते. दोन तास झाले तरी तीनच ओळी.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"सोमवारी बॉस, फ्राऊ लिंडनर, मला भेटणार आहे ना. त्याआधी आपणच आपलं मूल्यमापन लिहून द्यायचं. सहा महिन्यांत काय केलं, काय चांगलं जमतं. शेवटी स्वतःला दहापैकी गुण."

"वाचा बघू मराठीत."

"टीमच्या मदतीने नेमून दिलेलं काम पूर्ण केलं. अजून पुष्कळ शिकायचं आहे. गुण, पाच."

"पाच? अहो, हे बघून तर मीसुद्धा तुम्हाला काढून टाकीन!"

"आई, आपणच आपली आरती कशी ओवाळायची? काम केलंय ते त्यांना दिसत असेलच की."

'आत्मस्तुती करू नये' हे फळ्याच्या कोपऱ्यात मीच वर्षानुवर्षं लिहीत आले. त्यात वाढलेलं पोर आता परक्या मुलखात पाच गुण घेऊन उभं होतं, आणि इथली माणसं लिहिलेलं खरं धरतात. पाच म्हटलं की पाच.

मन रमवायला मी ड्रायव्हरांची वही उघडली. चौतीस नंबरच्या शेऱ्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर नागेशरावांचं.

'आईंची हरकत नसेल तर: पंचवीसपैकी चोवीस शर्यती पूर्ण केल्या, एवढ्या कुणीच नाही. गाडी सर्वांत जुनी. टायर बदलणाऱ्यांनी तीनदा घोळ घातला, हा रेडिओवर एकदाही ओरडला नाही. घसरला की दुसऱ्याला घेऊन पडत नाही. त्याच्यामागून येणारे नवे पोरगे त्याची रेघ धरून शिकतात. जिंकत नाही, पण तो असला की संघ टिकतो.'

मी ते दोनदा वाचलं. मग वही त्यांच्या फॉर्मवर ठेवली.

"हे लिहिता आलं ना तुम्हाला? आता चौतीस नंबर खोडा आणि स्वतःला घाला."

"आई, काहीतरीच काय!"

"मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. दुसऱ्यानं घोळ घातला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

त्यांनी टेबलक्लॉथची घडी सारखी केली. "मे महिन्यात आमच्या टीममधल्या समर्थच्या हातून ग्राहकांची अर्धी माहिती उडाली होती. मी दोन दिवस बसून परत आणली. त्याचीही प्रोबेत्साइट होती, म्हणून कुणाला बोललो नाही."

"समर्थचं नाव नको. तुम्ही केलंत तेवढं लिहा. मागून येणारे कोण शिकले?"

"आल्झो... म्हणजे, दोन नव्या मुलींना मी शिकवलं. पण ते काय, कुणीही..."

"लिहा!"

तिन्हीसांजेपर्यंत पान भरलं. खरं सांगते, ऐकताना मला लाज वाटत होती. हा माणूस सहा वर्षं माझ्यासमोर कप विसळत होता आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटची चौकट आली. त्यांनी पेन माझ्याकडे वळवून विचारलं, "किती?"

एकतीस वर्षांत मी तोंडी परीक्षेत आठाच्या वर कुणाला दिले नाहीत. हेडमास्तरांच्या मुलीलाही नाही.

"नऊ," मी म्हटलं.

त्यांनी लिहिले.

रविवारी सकाळी पोहे घेऊन शर्यतीला बसलो. मीड अकरावा आला, गाडीवर ओरखडाही नाही. पण ज्याला कुणी मोजतही नव्हतं असा एक पोरगा ती शर्यत जिंकला, सोळांत शिरला आणि चौतीस नंबर बाहेर फेकला गेला. नागेशरावांनी टीव्ही बंद केला. मी शकुन-अपशकुन मानत नाही. तरी सोमवारी ते निघताना त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली, आणि मग दिवसभर मला काही सुचलं नाही. विभावरीनं कामावरून चारदा फोन केला.

ते पाचला आले. बूट काढले, जागेवर लावले. मला वाटलं, संपलं.

"ठेवलं," ते म्हणाले. "कायमचं. फ्राऊ लिंडनर म्हणाली, ते मे महिन्यातलं काम कुणी केलं हे आम्ही अजून शोधत होतो, तुम्ही आधी का नाही बोललात? पान नसतं तर ती मला नाहीच म्हणणार होती. तसं स्पष्टच सांगितलं तिनं."

मला रडू आलं. ते लपवायला मी चहा टाकायला वळले, तर पातेलं त्यांनी आधीच हातात घेतलं होतं.

"आई, एक विचारू? लग्नाच्या आधी तुम्ही मला काय शेरा दिला होता, ते विभानं मला तेव्हाच सांगितलं होतं."

माझे कान तापले. सहा वर्षं हा माणूस ते मनात ठेवून मला चहा करून देत होता.

"मी चुकले होते, नागेशराव. पेपर नीट न वाचताच गुण दिले."

ते हसले. आलं किसता किसता म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. मग आता चौतीस नंबरचेही वाढवा."

मी वही आणली. चार खोडून सात केले आणि 'चमक नाही' यावर काट मारली.

"सातच?"

"सातच. नऊ एकालाच."