भूतमावशीचा धक्का

करमणुकीच्या बागेतली ती भुताची गाडी कधी आपणहून निघालीच नाही. मोटर कुंथायची, घरघरायची, आणि शेवटी मावशीनं कमरेचा एक सणसणीत धक्का दिला की पहिला डबा नाक मुरडत अंधारात शिरायचा. अख्खी बाग तिला भूतमावशी म्हणायची. खोटं कशाला सांगू, आतल्या भुतांपेक्षा हा धक्का बघायलाच मुलं पुन्हा रांगेत लागायची.

मग ती गाडी सांगाड्यांसकट भंगारात गेली. तिच्या जागी आली ड्रॅगनच्या त्या गाजलेल्या सिनेमाची राइड. चकचकीत फलाट, बटणावर धावणारे डबे. आणि ते बटण कोणाच्या हाती? मावशीच्या लेकीच्या! भाजीवाल्यालासुद्धा थांबवून मावशी हे सांगायची. तिचं स्वतःचं मात्र अजून ठरायचं होतं. आजच्या चाचणीत बागेच्या साहेबांच्या मनात भरली तर फलाटावर, नाहीतर सामानाच्या खिडकीवर. जन्मभर माणसं बसवलेल्या बाईनं आता बॅगा सांभाळायच्या म्हणजे झालंच की.

पहिल्या फेरीला बागेतलीच माणसं बसली, पट्टे लागले, आणि मावशीची कंबर सवयीनं गेली. धक्का बसला मात्र, लाल दिवे पेटले, डबे जागीच थिजले आणि ड्रॅगन आ वासून राहिला.

"मावशी, याला नुसता हात लागला तरी हा बंद पडतो," साहेब म्हणाले. "त्या पिवळ्या रेषेच्या मागे राहायचं. पुन्हा असं झालं तर खिडकी."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचं एक वेळ सोडा, पण लेकीसमोर शोभा झाली हे फार लागलं. बटणाच्या खोलीत, काचेपलीकडे लेक मान खाली घालून यंत्र पुन्हा सुरू करत होती. पोरीला आपली लाज वाटली असेल का, एवढंच मावशीच्या मनात घोळत राहिलं.

दुसऱ्या फेरीला ती रेषेमागे हात बांधून उभी राहिली. पहिल्या डब्यात बागेचा म्हातारा माळी होता. "काय भूतमावशी, आज धक्का नाही?" त्यानं विचारलं. सगळे हसले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

मावशीनं काचेकडे पाहिलं. लेकीचं बोट बटणावर होतं आणि नजर आईच्या कमरेवर. त्या कमरेचा ताल तिला लहानपणापासून पाठ होता. तिनं हळूच मान डोलावली.

मावशीनं बाह्या सारल्या, दम घेतला, आणि रेषेच्या मागूनच हवेला असा धक्का हाणला की त्याच क्षणी डबे सुटले. ड्रॅगन गरजला, माळ्यानं टाळी वाजवली.

साहेबांनी वाकून रेषा पाहिली. मावशीची चप्पल अलीकडेच होती. "नियमात बसतंय," ते हसू दाबत म्हणाले. "पुढची फेरी भरा, मावशी."

मावशीचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"बसा घट्ट," तिनं पुढच्या माणसांना सांगितलं. "ढकलणारी मी आहे, पण गाडी चालवते माझी लेक."